चोथा ओळखणारा मापारी

मी मापारी बोलतोय. धान्य मात्र मी मोजत नाही. संगणकाच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सगळ्या कामांना जागा वाटून देणाऱ्या त्याच्या गाभ्यात, माझं घर आहे. मेमरी कमी पडली, की सध्या न लागणारी माहिती दाबून, गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवतात. कोणाचं गाठोडं किती जागा अडवतं, ते मी मोजतो. कोणी मर्यादा ओलांडू लागलं, की हात आडवा धरतो.

माझा जन्म जावा बेटावरचा, ज्वालामुखीच्या टेहळणी नाक्यावरचा. तिथला संगणक दोन कामं करी: डोंगराचे हादरे टिपणं आणि त्याच्या तोंडाचे फोटो साठवणं. माझ्या जन्माआधी एका दुपारी हादऱ्यांची रेघ चार मिनिटं थांबली. नाक्यावरचे जुने निरीक्षक पाक दार्सोनो (तिकडे वडीलधाऱ्यांना 'पाक' म्हणतात) घाबरले. खालच्या गावात त्यांची लेक नांदत होती.

"काय गं वेनिंग, तुझं यंत्र वामकुक्षी घेतंय? डोंगर तर जागा आहे!"

वेनिंग संगणक सांभाळायची. "पाक, मी फोटोसुद्धा दाबून ठेवायला लावलेत. तरी कोपरा भरतोच कसा?"

तिला कळेना, म्हणून तिने मला घडवलं. पहिल्याच दिवशी मी खरं ते दाखवलं. हादऱ्यांचे आकडे दाबल्यावर तिसऱ्या हिश्शात मावत होते. फोटो मात्र जेवढे आत जात, तेवढेच राहत, आणि हादऱ्यांना जागाच उरत नसे!

वेनिंगने कपाळावर हात मारला. "फोटो कॅमेऱ्यातूनच दाबून येतात! मी दाबलेलंच दाबत बसले."

पाक हसले. "म्हणजे नारळाचा चोथा पिळत होतीस! माझ्या बायकोने तुला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नसतं."

"हसा तुम्ही. मापारी माझाच आहे!"

तिने फोटोंची मर्यादा शून्य केली. तेव्हापासून मी त्यांना कोपऱ्यात पाऊल ठेवू देत नाही, सरळ डिस्कवर पाठवतो. तिथे वेळ लागतो, पण फोटोंना थांबता येतं. हादऱ्यांना येत नाही.

तीन आठवड्यांनी डोंगर खवळला. फोटोंचे लोंढे आले. मी हात आडवाच ठेवला. रेघ क्षणभरही थांबली नाही. भोंगा वेळेवर वाजला आणि राख पडायच्या आत गाव खाली उतरलं. पाकची लेक नाक्यावर आली, तेव्हा तिच्या कडेवर बाळ होतं आणि हातात तळलेल्या टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कापांचा, डबा.

टेंपे वेनिंगने खाल्ले. मला कोणी विचारलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी आजही मोजतोय. एवढंच सांगणं आहे, जागा पुरेनाशी झाली तर आणखी जोर लावून दाबू नका. आधी माझ्याकडे बघा. चोथा कुठला, ते मी सांगेन.