डोंगरातल्या झुडपाचा अर्क

शी! त्या अर्काचा वास आठवला तरी अजून मळमळतं. डोंगरातल्या एका काटेरी झुडपाची पानं अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून अर्क आटवायचा, आणि तो हिरवट-काळा चिकटा कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा, हे प्रयोगशाळेतलं माझं काम. पेशी पटापट मेल्या. आमच्या सरांना आभाळ ठेंगणं झालं. लगेच पेपरात बातमी!

मला मात्र शंका आली. अल्कोहोल नीट उडालंच नव्हतं. मी दुसऱ्या पेशींवर तेवढंच नुसतं अल्कोहोल घातलं. त्याही मेल्या, अगदी तितक्याच. पानांत फ्लेवोनॉइड, अल्कलॉइड अशी रसायनं आहेत. त्यांतून कधीतरी औषध निघेलही. पण आत्ता हातात भोपळा. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, एवढं काय ताणतेस? कोण बघतंय?"

किळस आली मला. तोंड वाकडं करून घरी आले, तर स्वयंपाकघरात तोच वास! आई गेल्यावर जिने मला वाढवलं ती मावशी पातेल्यात तीच पानं उकळत होती. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ आहे. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं.

"रद्द केलं मी," ती खुशीत म्हणाली. "बातमी वाचून तुझ्या सरांना फोन केला, त्यांनी लगेच पानं पाठवली. किती भला माणूस गं!"

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे सरांना फोन लावला, स्पीकरवर. मावशीला पानं का पाठवलीत, म्हणून विचारलं.

"पिऊ दे की त्यांना दोन महिने," सर लाडीगोडीने म्हणाले. "मग गाठ मोजू. कमी झाली तर आपली चांदी."

"आणि वाढली तर?"

"वाढली तर कुठे बोलायचं नाही. सोपं आहे."

मी फोन कापला. असल्या माणसाला पाच वर्षं सर सर म्हणत होते मी! मावशीने गॅस बंद केला. पातेलं उचलून मोरीत उपडं केलं.

"हॉस्पिटलला लाव," ती म्हणाली.

लावला. उद्याची वेळ दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. आता थेट पुढच्या महिन्यात.

"तोवर वाढेल का गं?" मावशीने विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही.