हात धुवून गेलेल्या माणसाचा कागद

त्या दिवशी कतारच्या दोहा शहरात हवा अशी दमट होती, की दवाखान्यातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. मी मात्र आत, थंडगार एसीत, प्रिंटरमधून कोमट कोमट जन्मलो.

मी दवाखान्याचा कागद बोलतोय. अंगभर अक्षरं आहेत, पण मला वाचता येत नाही बरं का. माणसं मोठ्यानं वाचतात, तेवढीच माझी शाळा.

डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड नंबर द्यायचं काम अंबिकाताईंचं. त्या पुटपुटल्या, "हाताला लाली, खाज, भेगा. कशानं? लिहिलेलंच नाही. मी कारण कुठून आणू?" आणि माझ्यावर उमटलं, एल तीस पॉइंट नऊ. म्हणजे त्वचेचा दाह, कारण माहीत नाही.

मी निवृत्तीतात्यांच्या खिशात गेलो. तात्या प्लास्टर करणारे गवंडी. हात इतके चरचरायचे, की भाकरी-पिठलं चमच्यानं खायचे. कामगारांच्या खोलीत हसं व्हायचं.

साइटवरच्या सेफ्टीवाल्यानं मला वाचलं. "कारण पता नहीं? फिर काम वही." झालं! तात्या पुन्हा सिमेंटमध्ये.

शेजारच्या कॉटवरचा बालाजी, कंपनीची बस चालवणारा, तडकला. "तात्या, डॉक्टरला सांगितलं काय तुम्ही?"

"मोठा माणूस तो. घाणेरडे हात कसे दाखवू? तासभर घासले, खोबरेल लावलं, इस्त्रीचा सदरा घातला. त्यांनी विचारलं, काम क्या करते हो? म्हटलं, कंपनी में हूँ साब, सब अच्छा है."

"अहो, पाहुणे म्हणून गेलता का सोयरीक जमवायला?"

दुसऱ्या दिवशी काम सुटताच बालाजीनं त्यांना तसंच बसमध्ये घातलं. कोपरापर्यंत सिमेंट, खिशात मी. तात्या लाजेनं हात पाठीमागे लपवत होते. डॉक्टरांनी ते हात पुढे घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ये पहले दिखाना था ना, चाचा!"

पाच मिनिटांत अंबिकाताईंच्या टेबलावर माझा धाकटा भाऊ जन्मला. एल चोवीस पॉइंट पाच. त्यात सिमेंटचं नाव होतं. ताई खुशीत म्हणाल्या, "आत्ता कसं!"

तो भाऊ सेफ्टीवाल्याकडे गेला. तात्यांना स्टोअरमध्ये काम मिळालं, ओल्या सिमेंटपासून लांब. मी खोलीतच राहिलो, लोणच्याच्या बरणीखाली. अंगावर तेलाचा गोल डाग पडलाय. तक्रार नाही, वास छान येतो.

एकच सांगणं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा नीटनेटके जा, पण आपले हात दिवसभर कशात असतात, ते लपवू नका. तुम्ही सांगाल तेवढंच आमच्या अंगावर उमटतं.

महिना झाला, हाताच्या भेगा भरल्या. काल जेवताना तात्या सवयीनं चमचा शोधत होते. ताटाखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं. बालाजी भाकरी मोडत म्हणाला, "तो मी फेकून दिला, तात्या. जा, हात धुवून या. आता धुतले तरी चालतंय!"