एश्कीवाबाईंची साठी

रोशब्लांशची गढी एश्कीवाच्या आजोबांनी धर्मयुद्धासाठी समुद्रापलीकडून सीरियात आल्यावर बांधली, तेव्हा पायथ्याशी तीन गावं होती, ओढ्यावर पाणचक्की होती आणि समुद्राकडे उतरत गेलेली ऑलिव्हची झाडं होती. पुढे वारस म्हणून एकटी एश्कीवा उरली आणि तिला नवरे मिळत गेले. पहिल्याने एक गाव फाशांच्या डावात घालवलं. दुसऱ्याने मरताना नरकाला भिऊन एक गाव मठाला देऊन टाकलं. तिसरा स्वभावाने बरा होता, पण झाडं विकून त्याने घोडे घेतले आणि घोडे लढाईत गेले. वसंतात तोही गेला. आता एक गाव आणि पाणचक्की, एवढीच जहागीर होती. चौथ्या नवऱ्यात ती संपणार, हे एश्कीवाला स्पष्ट दिसत होतं.

द्राक्षं काढायच्या दिवसांत राजाचा कारभारी रेनिए तिघा सरदारांना घेऊन अंगणात येऊन उभा राहिला.

"रिवाज तुम्हाला ठाऊक आहे, बाईसाहेब. जहागिरीला राजासाठी लढणारा पुरुष हवा. तिघांतला एक निवडा. नाहीतर जहागीर जमा."

"साठी उलटलेल्या बाईला हा रिवाज लागू नाही," एश्कीवा म्हणाली. "माझी उलटली."

रेनिए हसला. "तिसऱ्या लग्नाला तुम्ही चाळिशीच्या आत होतात. भर दरबारात सांगितलं होतंत. त्याला चौदा वर्षं झाली."

एश्कीवाच्या मागे तिची दासी तक्ला उभी होती. तक्लाच्या आईने दोघींना एकदम अंगावर पाजलं होतं, त्यामुळे ती चारचौघांतही अदब विसरे.

"तेव्हाच म्हटलं होतं," ती पुटपुटली, "एवढी वर्षं गिळू नकोस, पचायची नाहीत."

"तेव्हा मी खोटं बोलले," एश्कीवा मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी फिसकन हसलं.

"आज सोयीचं आहे म्हणून खरं बोलताय, असंही म्हणता येईल. साक्ष हवी."

"मी आहे की," तक्ला म्हणाली.

"सीरियन बाईची साक्ष दरबारात चालत नाही. सरदाराची शपथ लागते. आहे कोणी जिवंत?"

 एश्कीवाच्या बाप्तिस्म्याला आलेले सगळे केव्हाच मातीत गेले होते. पहिला उमेदवार पाणचक्कीकडे बघत होता, दुसरा दारूच्या तळघराकडे. तिसरा, आन्सेल, तिघं भरावेत म्हणून आणलेला म्हातारा होता. यार्देन नदीपलीकडची त्याची जमीन शत्रूने घेतली, तेव्हापासून तो साधूंच्या धर्मशाळेत झोपे. विहिरीच्या कठड्यावर बसलेला तो गुडघे धरत उठला.

"मी घेतो शपथ. लहानपणी मी यांच्या आजोबांकडे वाढायला होतो. बाप्तिस्म्याच्या वेळी मेणबत्ती माझ्याच हातात होती. बाळावर मेण सांडलं आणि मी म्हाताऱ्याची थप्पड खाल्ली. सात वर्षांचा होतो. आता अडुसष्टावं चालू आहे."

"काका, शुद्धीवर आहात ना?" रेनिए म्हणाला. "कदाचित त्या तुम्हालाच निवडतील. शपथ घेतलीत, तर हे घर हातचं गेलं."

"समजतंय मला."

आणि क्रुसावर हात ठेवून त्याने शपथ घेतली.

रेनिएला माघार घ्यावी लागली. साठी उलटलेले सरदार स्वतः लढाईला न जाता राजाला घोडा आणि चिलखत देतात, तसं एश्कीवाने द्यायचं ठरलं. रेनिए उरलेल्या दोघांना घेऊन गढी उतरला. आन्सेल आपल्या खेचराचा पट्टा आवळत होता.

"तुम्हाला घर नको होतं?" एश्कीवाने विचारलं.

"हवं होतं." त्याने पट्ट्याची गाठ मारली. "माझ्या आईला असेच नवरे दिले, जमिनीसाठी. दर वेळी मला नव्या माणसाला बाबा म्हणावं लागलं. ती काही बोलायची नाही. तुम्ही बोललात."

"राहा इथे."

"कोण म्हणून?"

"पाहुणे म्हणून. मन रमेल तोवर."

तक्लाने तिला कोपराने ढोसलं. "लोक काय म्हणतील?"

"साठी उलटलेल्या बाईला काय म्हणणार?" एश्कीवा म्हणाली आणि खेचराचा लगाम स्वतःच्या हातात घेऊन तबेल्याकडे निघाली.