फाटकावरचा बोर्ड

मी तोंडाने फटकळ. भागीरथीच्या वाटेला जाऊ नका, असं बदलापुरातलं आमचं सगळं खरवई गाव म्हणतं. पण त्या दिवशी चूक माझीच निघाली.

मी लग्नाच्या हॉलमध्ये झाडलोट करते. आत हळद चालली होती आणि मी दारातल्या चपला सरळ करत होते. तेवढ्यात एक जीप थांबली. एक म्हातारी उतरली, मागे पोटुशी सून, घामाने चिंब, आणि तिला धरून नवरा.

"मावशी, वळखलंस का? मी जिजा, बारवी धरणाकडच्या पाड्यावरली," म्हातारी म्हणाली. "प्रगतीचं पयलं बाळ हितंच झालं ना. अकरा नंबरची खाट. दुसऱ्याला पन आनलीय."

करोनात सरकारी दवाखाना करोनाच्या पेशंटांनी भरला, तेव्हा बाळंतिणींना या हॉलमध्ये हलवलं होतं. नवरीच्या खोलीत बाळंतपणं व्हायची. मी तेव्हा दवाखान्यात कंत्राटावर मावशी, म्हणजे आया होते. लाट ओसरली, खाटा परत गेल्या, मला घरी बसवलं. त्याला तीन वर्षं झाली.

"अगं बये, बाळंतपणं कधीच परत सरकारी दवाखान्यात गेली," मी म्हटलं. "येताना त्याच्याच दारावरून आलात की."

"तिथं बोर्ड हाय ना," तिचा मुलगा बारकू म्हणाला. "करोना रुग्णालय, आत यायला मनाई. पयल्या बाळाच्या येळंला वाचमननं दांडा घेऊन हाकलला आमाला."

प्रगतीने माझं मनगट आवळलं. तिचं पाणी फुटलं होतं. इथे ना डॉक्टर, ना नर्स. मी जीपवाल्यावर डाफरले, "बघतोस काय, फिरव गाडी," आणि तिला घेऊन मागे बसले.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आत बाळ माझ्या पदरात आलं. निळं पडलेलं, रडेना. मी नाक-तोंड पुसलं, पाठ चोळली. याच्यापुढचं मला काय येतंय? गाडी फाटकाशी थांबताच नर्स धावत आली नि बाळ घेऊन आत पळाली. प्रगतीला स्ट्रेचरवरून नेलं, बारकू मागोमाग गेला.

मग मी वर बघितलं. बोर्ड होता.

त्याच्या तारा करोनात मीच आवळल्या होत्या. दवाखान्याचे साहेब म्हणाले होते, "मावशी, घट्ट बांधा, वाऱ्याने पडायला नको." मी तीन-तीन वेढे दिले. काढायला कुणी सांगितलंच नाही. दवाखाना चालू आहे हे आम्हा बदलापूरकरांना ठाऊक, म्हणून तो बोर्ड कुणी वाचतच नव्हतं. भाजीला जाताना मी रोज या फाटकावरून जाते, हो. मलाही दिसला नाही. माझीच मला लाज वाटली.

किती वेळ गेला कोण जाणे. आतून रडणं ऐकू आलं, आधी बारीक, मग खणखणीत. बारकू दारात येऊन म्हणाला, "आये, पोरगी झाली. बरी हाय."

जिजा फाटकाबाहेर उकिडवी बसली होती. मी म्हटलं, "चल, नात बघ."

ती उठेना. बोर्डाकडे बोट करून म्हणाली, "आमाला मनाई हाय."

मला रडू फुटलं. मी बोर्ड काढायला लागले. तारा गंजल्या होत्या, नखं तुटली तरी सुटेनात. वॉचमन म्हणाला, "मावशी, आधी साहेबांना विचारा." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटचा वेढा सुटल्यावर बोर्ड भिंतीशी पालथा टाकला आणि जिजाचा हात धरून तिला आत नेलं.