दाराला टेकवलेला तराजू

मी एक जुना तराजू आहे आणि मित्रांनो, आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही.

मी अस्सल पितळेचा. घडवणाऱ्याने माझी पारडी इतकी तंतोतंत जुळवली, की एकात माशी बसली तर तिने सकाळी काय खाल्लं हे मी सांगायचो. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

माझं आयुष्य साबणाच्या कारखान्यात गेलं. म्हातारे मालक मला विचारल्याशिवाय टबाला हात लावत नसत. ते म्हणत, "तेल आणि कॉस्टिक सोडा मिळून साबण होतो, पण ठरल्या प्रमाणातच. किलोभर खोबरेल तेलाला कॉस्टिक एकशे त्र्याऐंशी ग्रॅम. जास्त झालं तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही. मग ते माणसाची कातडी शोधतं."

मालक गेले आणि त्यांचा मुलगा, सगळ्यांचा दादा, गादीवर बसला. त्याने कॉस्टिक मोजायला पत्र्याचा डबा आणला आणि मला दार आपटू नये म्हणून दाराला टेकवलं. माझ्या एका पारड्यात मांजर दूध पिऊ लागलं. माझ्या! संताप होणार नाही तर काय?

एकदा खोबरेल मिळालं नाही, म्हणून दादाने सूर्यफुलाचं तेल आणलं. त्याची बायको, वहिनी, पुढे आली.

"अहो, तेल बदललंय. याला किलोमागे एकशे चौतीसच ग्रॅम लागतं. डबा ठेवा, तराजू घ्या."

"तेल ते तेल! माझा अंदाज चुकत नाही."

"साबण बाळंतिणींच्या दवाखान्यात जाणार आहे. तान्ह्या बाळांच्या अंगाला लागेल तो!"

पण ऐकतो कोण? अंदाजपंचे दाहोदरसे! खोबरेलाला लागायचे तितकेच कॉस्टिकचे डबे टबात रिकामे झाले. मी दाराशीच टेकलेला होतो.

वड्या सुकल्या, खोकी भरली. गाडी आली, तशी वहिनी सरळ खोक्यावर जाऊन बसली.

"आधी याने तुम्ही तोंड धुवा. मगच खोकं हलेल."

"हात्तिच्या!" म्हणत दादाने ऐटीत मिशीला फेस चोळला. पुढच्या क्षणी तो बोंबलत नळाखाली! भरपूर पाणी ओतल्यावर चेहरा निघाला तो टोमॅटोसारखा, आणि मिशी उरली अर्धी. वजनाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. अर्धीच.

मग पठ्ठ्याने दवाखान्याला फोन केला. काय म्हणाला ठाऊक आहे? "माल उशिरा येईल हो. आमचा तराजू जुना झालाय!"

"तराजू दाराशी होता," वहिनी कडाडली. "टबात तुमचा अंदाज होता!"

तिने मला घासून टांगलं. किलोमागे एकोणपन्नास ग्रॅम कॉस्टिक जोडीदाराविना मोकाट होतं. त्यासाठी दर किलोला आणखी तीनशे सहासष्ट ग्रॅम तेच तेल तिने माझ्याकडून तोलून घेतलं, वड्या वितळवून त्यात मिसळलं, आणि तयार झालेला साबण आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला. मगच खोकी बाळांकडे गेली.

माझी माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवू नका, हारही घालू नका. टबात काही पडण्याआधी मला विचारा, एवढंच. आणि अंदाजच करायचा असेल, तर तो आपापल्या मिशीवर करा. बाळांना मिशी नसते!