पोटाखालचा नर

लाकडावर चित्र कोरायची ती, आणि कागदावर उमटलेल्या छापाखाली सही करायचा नवरा. लग्नापासून हेच चाललं होतं. "बायकोच्या सहीला कोण विचारतं?" असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ती पुढचा ठोकळा कोरायला घ्यायची.

संग्रहालयाने खोल समुद्रातल्या एका दुर्मिळ माशाचं चित्र मागितलं. तिने अक्राळविक्राळ मादी कोरली, आणि तिच्या पोटाला चिकटलेला बोटभर नर. नवऱ्याने नीट न बघताच सही ठोकली.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला संग्रहालयाच्या बाई सांगू लागल्या, "हा नर. स्वतः शिकार करत नाही. मादीला चिकटतो आणि जन्मभर तिच्या रक्तावर जगतो."

लोक वाकून बघू लागले. नराला टोकदार मिशा होत्या, हनुवटीवर चामखीळ होती. एकेक मान नवऱ्याकडे वळली. कोणीतरी फिसकन हसलं.

"हे काय केलंस?" तो दातओठ खात पुटपुटला.

"अहो, मी कुठे? सही तुमची आहे."

तो तडक निघून गेला. तिचं मात्र अजून समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक छाप काढला आणि थोरल्या जावेकडे नेला. जावेने तो निरखून बघितला आणि काही न विचारता तो दर्शनी भिंतीवर टांगायला खिळा-हातोडी आणायला उठली.