साहेबांची जागा

“सीटला हात लावायचा न्हाय,” आत्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा माणिकप्पांनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. सुनेनं सासूला समजवावं, असा त्या बघण्याचा अर्थ होता. लग्नाच्या अकरा वर्षांत मी हा प्रयोग दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले होते. म्हणून मी दोरीवरच्या चादरी काढायला लागले.

“अक्का, पत्रा झाला, रंग झाला, इंजिन उतरवून पुन्ना बसवलं,” माणिकप्पा म्हणाले. “आता ह्या सीटा अशाच ठिवल्या तर लोक मला हासतील. मागच्या बाकाचा पार भुगा झालाय. म्होरची डावी तेवढी चांगली हाय, पर ती एकटी काय करायची? समद्यांवर नवं रेक्झिन घालतो. आन् मागच्या दांड्याची ही चिंधी तरी काढू द्या.”

“हासू द्या लोकांला. चिंधी बी ऱ्हाऊ द्या.”

माणिकप्पा उमरग्याकडचे. चाळीस वर्षं जीपगाड्याच दुरुस्त केलेल्या. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

तीन महिने आमच्या कळंबच्या घराच्या अंगणात हे चाललं होतं. धुतलेल्या कपड्यांना पेट्रोलचा वास, तुळशीच्या कुंडीत नटबोल्ट, आणि माझ्या चांगल्यातल्या स्टीलच्या परातीत कारबोरेटर भिजत घातलेला. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, “काय वो क्षमाताई, सासूबाई आता गाडी चालवनार काय?” मी म्हणायचे, “चालवतील, आणि तुम्हाला आधी बसवतील.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मथुराबाई. सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणतो. जवळच्याच वाशीकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या, बत्तीस वर्षं. त्यातली वीस याच जीपमधून गेली. लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन वाड्यावस्त्या, तांडे, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या. पुढं नवी गाडी आली आणि ही जीप दवाखान्यामागच्या लिंबाखाली उभी राहिली. चाकं मातीत गेली, बोनेटमध्ये कुत्रीनं पिलं घातली. जानेवारीत ती भंगारात निघाल्याचं आत्यांना कुणीतरी सांगितलं. दोन दिवसांनी, भंगारवाल्याला पैसे मोजून, टेम्पोतून जीप आमच्या दारात.

माझा नवरा अमृत ऑफिसातून आला आणि फाटकातच थांबला. “आई, हिचे कागद रद्द झालेत. रस्त्यावर एक दिवस नेता यायची नाही.”

“मला कुठं रस्त्यावर न्यायचीय?”

अमृतचा राग कागदांचा नव्हता. कशाचा होता ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

अमृत चार वर्षांचा असताना त्याचे वडील, कोंडिबा, गेले. आत्या तेव्हा अठ्ठावीसच्या. आणि या जीपचे ड्रायव्हर होते बब्रुवान. तरणी विधवा नर्स आणि ड्रायव्हर, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एका गाडीत. लोकांना आणखी काय पाहिजे? बोलायचं ते बोलले. आत्यांनी कान बंद करून घेतले, पण बब्रुवानच्या बायकोला, कस्तुराबाईंना, ते जमलं नाही. जमावं तरी कसं?

बब्रुवान वारले तेव्हा माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. आत्यांबरोबर मीच गेले होते. ओसरी माणसांनी भरलेली. आत्या उंबऱ्यापाशी पोचल्या आणि आतून कस्तुराबाईंचा आवाज आला, “त्या नर्शीला आत घिऊ नगा. ती आत आली तर म्या भाईर जाईन.” सगळ्या ओसरीनं ते ऐकलं. आत्यांनी तिथूनच हात जोडले आणि माघारी वळल्या. घरी आल्यावर घासलेली भांडी काढून पुन्हा घासत बसल्या.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. आणि जीप दारात आल्यावर ती पुन्हा चुकचुकली. मेलेल्या माणसाची गाडी कुणी एवढ्या मायेनं खरवडतं का? आत्या रोज सकाळी पदर खोचून पॉलिश पेपर घेऊन बसायच्या. पांढऱ्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. एका दुपारी मी न राहवून विचारलं, “आत्या, हे सगळं कशासाठी?”

त्यांनी हात थांबवला नाही. “कस्तुराबाईनं एकदा ही गाडी आतनं बगावी. बास.”

“मग जाऊन सांगा ना त्यांना, तुमच्यात तसलं काही नव्हतं म्हणून.”

“तोंडानं सांगितलेलं कुनाला पटतं, क्षमा? बत्तीस वर्सं बायांला लसीचं सांगितलं म्या. शेजारनीचं पोर धडधाकट बगितल्याबिगर एकीनं बी आपल्या पोराची मांडी म्होरं केली न्हाय.” मग पत्र्यावरची धूळ फुंकत म्हणाल्या, “तुला तरी कुठं पटलंय?”

मी उठून आत गेले. चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडं बघत उभी राहिले.

एप्रिल संपता संपता गाडी तयार झाली, फक्त चालू होईना. तिचा सेल्फ कायमचा गेलेला, त्याचे भाग आता मिळत नाहीत. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं, एवढाच मार्ग. माणिकप्पांनी लोहाराकडून एक हँडल करून आणलं. ते आत नीट बसेना. बसलं तर निसटायचं. एकदा असं उलटं आलं की माणिकप्पांचं मनगट थोडक्यात वाचलं.

“हिचं असली हँडल पायजे, अक्का.”

आत्या पायरीवर बसल्या होत्या. “ते बब्रुवानच्या घरी असंल,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी काढून घरी न्यायचे. माझ्यामागं गाडीला कुनी हात लावू नये म्हनायचे.”

आत्यांनी जाणं शक्य नव्हतं. अमृतला सांगण्यात अर्थ नव्हता. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि स्कूटी माझी होती.

कस्तुराबाई मळ्यातल्या घरात राहतात. मी पोचले तेव्हा गोठ्यापुढं वैरण टाकत होत्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर गोंदण. त्यांची सून शिवांजली पाणी घेऊन आली. मी कोण ते सांगितल्यावर तिचा तांब्या हातातच राहिला.

“काय काम काडलं?” कस्तुराबाईंनी वैरण टाकता टाकता विचारलं.

“जीपचं हँडल. तुमच्याकडं असेल तर.”

त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. हातानं म्हशीकडं दाखवलं. म्हशीचं दावं एका लोखंडी खुंट्याला बांधलं होतं. मी नीट बघितलं. जमिनीत अर्धं ठोकलेलं, वरच्या बाजूला वाकवलेलं, शेणानं माखलेलं ते हँडल होतं.

“अकरा वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “ह्ये असतानी रोज दाराआड हुबं असायचं. झोपताना दिसायचं, उठल्यावर दिसायचं. मला ते नवऱ्यापरास त्या नर्शीचंच वाटायचं. ह्येंच्यामागं म्हशीला दिलं. जा, सांग तुझ्या सासूला.”

मी स्कूटीची किल्ली हातात घेतली. मी वळले तोच त्यांनी मागून विचारलं, “सीटा नव्या घातल्या आसतील?”

“नाही. मिस्त्री रोज भांडतोय. आत्या सीटला हातच लावू देत नाहीत.”

“का म्हनून?”

“ते मला नाही माहीत, आजी. त्या म्हणतात, तुम्ही एकदा गाडी आतून बघावी.” आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “मलाही बघायचंय, काय आहे ते.”

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, फाटकाची कडी वाजली. कस्तुराबाई एकट्याच आल्या होत्या, एसटीनं. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेली लांबट वस्तू. त्यांनी धोतर सोडलं. हँडल घासून लख्ख केलेलं, वर तेलाचा हात फिरवलेला. दुसऱ्या कुणाला न देता त्यांनी ते माणिकप्पांच्या हातात दिलं आणि आत्यांकडं न बघता गाडीपाशी गेल्या.

आत्या शेवग्याखाली उभ्या होत्या. पुढं आल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

कस्तुराबाईंनी आधी पुढची डावी सीट बघितली. तळहात फिरवला. रेक्झिन अजून गुळगुळीत, शिवण जागच्या जागी, कडेला कारखान्यातला पातळ प्लास्टिकचा तुकडासुद्धा तसाच. मग त्या मागं गेल्या. आडव्या बाकाचा एक कोपरा बसून बसून खोल गेलेला, आतला काथ्या बाहेर आलेला. त्याच्या समोरच्या पत्र्यावर दोन पावलांएवढी जागा झिजून चकाकत होती. माणिकप्पांनी तिथं रंग दिला नव्हता, आत्यांनी देऊ दिला नव्हता. आणि वरच्या दांड्याला चिंधी. जवळून बघितल्यावर मला कळलं, ती नर्सच्या पांढऱ्या साडीची पट्टी होती, हातानं धरून धरून काळी पडलेली.

तीन महिने ही गाडी माझ्या अंगणात होती. रोज तिच्याभोवती झाडत होते मी. मला दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

“हितं कोन बसायचं?” कस्तुराबाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“म्या,” आत्या म्हणाल्या.

“वीस वरीस?”

“व्हय.”

“आन् म्होरं?”

“म्होरं डॉक्टरसायबाची जागा. पैल्या दिवशी सायब म्हनले, सिस्टर, मागं बसा. बसले. सायब आठ म्हैन्यात बदलून गेले. त्येंच्यामागचे आपापल्या मोटरसायकलीवर यायचे. जागा तशीच ऱ्हायली. तुमचे मालक रोज सकाळी ती फडक्यानं पुसायचे.”

“कोनीच बसत नव्हतं, तरी?”

“तरी.”

कस्तुराबाई बाकाच्या त्या खळग्याकडं बघत राहिल्या. मग जे विचारलं, ते मी विचारलं नसतं. “त्येनी कधी म्हनले न्हाईत? म्होरं या म्हनून?”

आत्यांना खोटं बोलून सुटता आलं असतं. समोरची बाई तेवढ्यावर समाधान मानून घरी गेली असती.

“म्हनले. एकदा,” आत्या म्हणाल्या. “पौषातली थंडी हुती. मागनं वारं लई लागायचं, अंगात ताप हुता. गाडी हुबी करून म्हनले, सिस्टर, म्होरं बसा, हितं कोन बगतंय. म्या न्हाय म्हनले.”

“का?”

“कोनी बगत नव्हतं, म्हनून.”

माणिकप्पा हँडल हातात घेऊन तसेच उभे होते. कस्तुराबाईंनी नऊवारीचा पदर तोंडाला लावला. रडल्या असं म्हणता येणार नाही. मग पदर खाली घेऊन म्हणाल्या, “त्या दिशी म्या तुमाला दारातनं...”

“असू द्या.”

“असू द्या कसं? धा गावची मानसं हुती ओसरीवर.” त्यांनी भोवती बघितलं. कुंपणापलीकडं शेजारणी जमल्या होत्या. दारात अमृत येऊन उभा होता, ऑफिसची पिशवी खांद्याला तशीच. कस्तुराबाईंनी आत्यांचा दंड धरला आणि त्यांना गाडीच्या डाव्या बाजूला आणलं. “चडा, सिस्टरबाई. आज समदे बगत्यात.”

“नगं, कस्तुराबाई. मागंच बरं...”

“मागं म्या बसनार हाय.”

आणि खरंच, मी हात द्यायच्या आत त्या मागून वर चढल्या, त्या खळग्यात बसल्या, पाय त्या झिजलेल्या जागेवर ठेवले. अंदाजानं हात वर गेला आणि पट्टीवर पडला. त्यांनी ती घट्ट धरली.

माणिकप्पांनी हँडल घातलं. ते टक्क करून आत बसलं. एक हिसका, दोन हिसके. तिसऱ्याला गाडी खोकली, धूर सोडला आणि सगळं अंगण थरथरायला लागलं. शेवग्याची वाळकी पानं टपावर पडली. माणिकप्पा उडी मारून स्टिअरिंगमागं बसले. फाटकापासून शेवग्यापर्यंत आमचं अंगण पंधरा पावलं असेल. तेवढंच जायचं आणि मागं यायचं. रस्त्यावर न्यायला कागद नव्हते.

आत्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या, अगदी कडेला, टेकायचं विसरून. समोरच्या काचेतून त्यांना उघडं अंगण दिसत होतं. वीस वर्षं त्यांनी रस्ता फक्त मागं पळताना बघितला होता. त्यांचा चेहरा मी उभी होते तिथून नीट दिसत नव्हता, पण हात दिसत होते. दोन्ही हात मांडीवर, एकमेकांपासून हातभर लांब, बोटं वाकलेली. गाडीला धक्का बसला की ते आणखी आवळायचे, नसलेला लसीचा डबा पडू नये म्हणून.